बिस्किटचं बिऱ्हाड

अख्ख्या ऑस्ट्रेलिया खंडात आमच्या भाऊजींच्या घरातून आजवर कोणी उपाशी बाहेर पडलेलं नाही, आणि बाहेर पडलेल्या कोणालाही गाडीचा सीटबेल्ट पहिल्या झटक्यात लावता आलेला नाही. दारात माणूस दिसला की तो भुकेलेलाच आहे, असं भाऊजी धरून चालतात. तो नको म्हणाला तर लाजतोय, आणि पुन्हा नको म्हणाला तर त्याला बरं नाहीये. ते टूवूंबात राहायला आले त्याच वर्षी गरम पाण्याचा नळ दुरुस्त करायला एक प्लंबर आला होता, सहा फूट उंच, दोन्ही दंडांवर गोंदलेला. त्याला भाऊजींनी ‘जस्ट टेस्ट’ म्हणत चौदा पुऱ्या आणि वाटीमागून वाटी बटाट्याची भाजी घातली. शेवटी तो सोफ्यावर आडवा झाला. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा तो भाऊजींनीच उचलला आणि सांगितलं, “ही इज फाइन. ही इज डायजेस्टिंग.” पंधरावी पुरी त्याने घेतली नाही, याची रुखरुख त्यांना अजून आहे.

हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, शेतातल्या पंपांची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागल्यापासून त्यांच्या मागच्या अंगणातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे मेहुणा आणि भाडेकरू अशा दोन्ही नात्यांनी त्यांना छळायचा हक्क मी बजावत असतो. कोविड आला आणि मला वाटलं, आता या माणसाच्या आग्रहाला तरी सुट्टी मिळेल. मी रोज नमुने हाताळणारा, माझ्यापासून सगळ्यांनीच चार हात लांब राहायचं. पण भाऊजींनी लॉनच्या मधोमध एक स्टूल आणून ठेवलं. ताट स्टुलावर ठेवून ते मागे सरकायचे, मग मी पुढे यायचो, आणि मी जेवत असताना ते किचनच्या खिडकीतून बोटांनी विचारायचे, पोळ्या अजून दोन की तीन? एक हा आकडा त्यांच्या बोटांना ठाऊकच नव्हता.

घरात तेव्हा ते एकटेच होते. फेब्रुवारीत त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन म्हणून ताई आणि बारा वर्षांची सई सहा आठवड्यांसाठी पुण्याला गेल्या, आणि मार्चमध्ये विमानं बंद पडली. त्याआधी सईने वर्षभर हट्ट करून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. शहराबाहेर एक बाई अजगरांची पैदास करतात, त्यांच्याकडे तिने कार्पेट पायथनचं एक पिल्लू बुक केलं होतं. त्याचं नावही ठरलं होतं, बिस्किट. आपल्याकडे पोपट पाळतात तितक्या सहजपणे इथे लोक अजगर पाळतात, फक्त सरकारी परवाना लागतो. तो भाऊजींच्या नावावर होता आणि जीव सईचा गुंतला होता. मे महिन्यात त्या बाईंचा फोन आला की पिल्लू तयार आहे, न्यायचं नसेल तर यादीत दुसरे उभे आहेत. भाऊजी झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारे. त्यांनी मोठ्या आशेने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, म्हणाले, “तू आल्यावर दुसरं घेऊ या का गं?” सईने फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, “बाबा, प्लीज. जस्ट कीप हिम अलाइव्ह टिल आय कम होम.” भाऊजींनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “तू लॅबमध्ये आहेस, तुला सापाचं थोडंफार कळत असेल ना?” मी रक्तातली साखर मोजतो, असं मी त्यांना सांगितलं.

मग भाऊजी पाहुण्याच्या सोयीला लागले. डायनिंगमधलं काचेचं सहा फुटी कपाट रिकामं झालं आणि ताईचा डिनर सेट गॅरेजमध्ये गेला. ग्राफ पेपरवर नकाशा निघाला. कपाटात तीन खोल्या पाडल्या, एकीत उन्हाळा, दुसरीत पावसाळा, तिसरीत हिवाळा, म्हणजे पाहुण्याला जी हवा मानवेल तिकडे त्याने बसावं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र थर्मोस्टॅट, बाहेरून वाचता येईल असा आकड्यांचा दिवा, चढायला गम झाडाची फांदी, पाण्याला तांब्याचं फुलपात्र, आणि दर्शनी काचेवर प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण. ऑफिसचं काम घरूनच चालू होतं, पण त्या तीन आठवड्यांत आमच्या डार्लिंग डाउन्स भागातल्या किती शेतांचं पाणी अडलं असेल कोण जाणे. मी म्हटलं, “भाऊजी, मला एक खोली आणि अजगराला तीन?” ते शांतपणे म्हणाले, “तू काय, घरचाच आहेस.”

पिल्लू आलं ते कापडी पिशवीतून. हातभर लांब आणि पेन्सिलीएवढं जाड. बाईंनी व्हरांड्यात पिशवी ठेवून लांबूनच हात हलवला होता. पुण्याहून ताई, सई आणि खाटेवर बसलेली आजी असे सगळे फोनवर असताना बिस्किटचा गृहप्रवेश झाला. ते आधीचे दोन्ही ऋतू ओलांडून थेट हिवाळ्याच्या कोपऱ्यात गेलं आणि फुलपात्रामागे वेटोळं करून बसलं. भाऊजी म्हणाले, “नवीन जागा आहे, बुजलंय.” संध्याकाळी जेवण वाढायचं होतं. अजगर काय जेवतो याचा विचार चातुर्मासात कांदा न खाणाऱ्या माणसाने आधी केलेला नसतो. गुलाबी, गोठवलेली, बोटाच्या पेराएवढी उंदराची पिल्लं फ्रीजरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी आली होती, आणि पाकिटावर भाऊजींनी नुसतंच ‘सईचं’ असं लिहिलं होतं. डोळे मिटून त्यांनी एक नग कोमट पाण्यात शेकला, चिमट्यात धरला आणि पुढे केला. बिस्किटने तोंड फिरवलं. पुण्याहून ताई ओरडली, “अहो, तो माझा पापडाचा चिमटा नाही ना?”

त्या दिवसापासून भाऊजींच्या आयुष्यातला सर्वांत कठीण पाहुणचार सुरू झाला. एका आठवड्यानंतर पुन्हा वाढलं, पुन्हा नको. भाऊजींना जेवढं म्हणून येत होतं तेवढं सगळं त्यांनी केलं. जास्त कोमट करून पाहिलं, कमी कोमट करून पाहिलं, या खोलीत वाढलं, त्या खोलीत वाढलं. चिमटा धरून पाऊण पाऊण तास काचेपुढे बसायचे आणि म्हणायचे, “घे रे राजा, एवढं एकच. माझ्यासाठी घे.” दिवसातून दहादा त्याला बाहेर काढून वजनकाट्यावर ठेवायचे. झुरळाला भिणारा माणूस साप हातात घ्यायला कधी शिकला हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. त्यात निर्बंध जरा सैल झाले आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं दोन-दोन, तीन-तीन करून बघायला येऊ लागली. घरात नवीन जीव आल्यावर बघायला जायचं असतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. जो येई तो आधी खाऊन घेई, मग काचेवर टकटक करून विचारी, “काय रे, जेवत नाहीस म्हणे?” आणि हिवाळ्याच्या कोपऱ्यातलं वेटोळं आणखी घट्ट होई.

सहाव्या आठवड्यात बिस्किटच्या अंगावर बाजूने सुरकुती दिसायला लागली. त्याच आठवड्यात ताईचं तिसरं तिकीट रद्द झालं. त्या दिवशी स्टुलावर ताट आलं, पण खिडकीत बोटं आली नाहीत. मी मास्क लावून आत गेलो, तर भाऊजी त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलेले, आणि ओट्यावर त्यांचं स्वतःचं ताट तसंच. मला म्हणाले, “पोरीने एकच गोष्ट मागितली रे. मला त्यांना आणता येत नाहीये. निदान हे तरी जगवायला नको का?” इतकी वर्षं मी त्यांची चेष्टा करत आलोय, पण ती वेळ चेष्टेची नव्हती. मीच त्या ब्रीडरबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हाउ बिग इज हिज प्लेस, लव्ह?” भाऊजी सावरून बसले. लांबी, रुंदी, उंची, तीन ऋतू, फांदी, सगळं अभिमानाने सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “मेट, दॅट्स नॉट अ होम. दॅट्स अ पॅडक.” एवढ्याशा जिवाला एवढी मोठी जागा म्हणजे उघडं माळरान, कुठून कोण झडप घालेल याच धास्तीत ते बसलेलं असतं. त्याला चपलेच्या खोक्याएवढा, झाकण घट्ट बसणारा डबा द्या, एका टोकाखाली ऊब द्या, लपायला काहीतरी द्या. आणि एक आठवडाभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हात लावायचा नाही, वजन करायचं नाही, बोलायचं नाही. भाऊजींनी घाबरत विचारलं, “बट इफ ही इज हंग्री?” बाई म्हणाल्या, “देन ही’ल ईट, डार्ल.” हे इतकं साधं उत्तर भाऊजींना आजवर कोणी दिलेलं नव्हतं. पुण्याहून सईनेही तेच सांगितलं, फक्त कमी शब्दांत: “बाबा, स्टॉप लुकिंग ॲट हिम!”

मग दिवाळीच्या चकल्यांचा प्लास्टिकचा डबा निघाला. भाऊजींनी तापलेल्या सळईने त्याला भोकं पाडली, वर्तमानपत्र अंथरलं, आणि टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी लपायला ठेवली. तेव्हा दुकानांत टॉयलेट पेपर पुन्हा मोजूनमापून मिळत होता, तरी दोन दिवसांत त्यांनी ती नळी कशी मोकळी केली हे मी विचारलं नाही. बिस्किट नळीत शिरलं, दिसेनासं झालं. आणि भाऊजींचा कडक उपवास सुरू झाला. पाणी बदलायचं तेव्हा ते मान वळवून, भिंतीकडे बघत वाटी आत सरकवायचे. डब्यावरून टॉवेल सरकला तरी ऑफिसची मीटिंग सोडून तो नीट करायला धावायचे. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्या आठवड्यात त्यांनी अनारसे केले, गुळपापडी केली, चिवडा केला, आणि सगळं स्टुलावरून माझ्याकडे आलं. बिस्किट उपाशी होतं आणि माझं वजन अडीच किलो वाढलं.

आठव्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी डब्यात वाढलं, झाकण लावलं, टॉवेल घातला आणि काहीही न बोलता अंगणात येऊन उभे राहिले. जुलैची टूवूंबाची थंडी, अंगात नुसता शर्ट. तासाभराने म्हणाले, “तू बघ. मला धीर नाही.” मी आत जाऊन टॉवेलचं टोक उचललं. वर्तमानपत्र रिकामं होतं, नळीत बिस्किट होतं आणि बिस्किटच्या मधोमध एक फुगवटा होता. भाऊजींनी पुण्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मीच सांगितलं. सई म्हणाली, “टोल्ड यू,” आणि मग ती आणि तिचा बाप दोघंही रडायला लागले, आणि ताई विचारत राहिली, अहो, पण झालंय काय?

दोघी परत आल्या त्या पावणेदोन वर्षांनी, ब्रिस्बेनच्या हॉटेलात चौदा दिवस काढून. बिस्किट तोवर चांगलं माझ्या उंचीएवढं झालं होतं आणि रीतसर कपाटात राहायला गेलं होतं. सई ताईच्या खांद्याला लागली होती. जाताना इंग्रजीत बोलणारी मुलगी आता मराठीत बोलत होती, पण बोलत होती तेही मोजकंच. आजीला सोडून आली होती, इथल्या मैत्रिणी पुढच्या वर्गांत पांगल्या होत्या. तिने बिस्किटला हातावर घेतलं, खूप वेळ कुरवाळलं, म्हणाली, “थँक यू, बाबा,” आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. भाऊजींनी पुरणपोळ्या केल्या होत्या, भरली वांगी केली होती, तिला आवडणारी साबुदाण्याची खीर केली होती. टेबलावर ती दोन घास खायची, “नको बाबा,” म्हणायची आणि उठायची. दोन दिवस हेच चाललं. मी वाट बघत होतो, आता भाऊजी आग्रहाला पेटणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते ताट घेऊन तिच्या दारापर्यंत गेले. मी पॅसेजमध्येच होतो. टकटक करायला त्यांनी हात उचलला, तसाच थोडा वेळ ठेवला आणि खाली घेतला. परत येऊन ताट ओट्यावर ठेवलं, वर झाकण घातलं आणि ताईला आणि मला हळूच म्हणाले, “चला, आपण बाहेर बसू.” आम्ही व्हरांड्यात बसलो. भाऊजींनी आपली खुर्ची घराकडे पाठ करून ठेवली. अर्ध्या तासाने आत दार वाजलं, मग चमच्याचा आवाज आला. ताई उठायला लागली तर त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग माझ्याकडेही न बघता अगदी हळू विचारलं, “घेतेय का रे?”

जाळीच्या दारातून मला दिसत होतं. सई ताट संपवून आता ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच वरणभात खात होती. “दुसऱ्यांदा घेतेय,” मी म्हटलं.

भाऊजींनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. आपली जराशी हालचाल झाली तरी आत तिचं खाणं थांबेल असं वाटत असावं. ते कुंपणाकडे बघत बसले, आणि मीसुद्धा, कधी नव्हे तो, गप्प बसलो.