डंक थांबेना

"बाई, बंद करा की ह्यो!" आक्काताई ओरडल्या.

"आपोआप होतोय!" मीही ओरडले. आणि झाला की बंद! पण क्षणभरच. पुन्हा धाडधाड सुरू.

आक्काताईंचा डंक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. डंक म्हणजे मोटरवर चालणारी लोखंडी मुसळं, खाली उखळात कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात रांग लागते, तशी भांडणंही. "तिची बारीक कुटली, माझी भरड का?" गेल्या वर्षी चार जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. यंदा सुमनकाकींनी बजावलं होतं, "चटणी बिघडली तर आख्खी गल्ली दुसरीकडं घिऊन जाणार." आक्काताईंचं घर याच दोन-तीन महिन्यांवर चालतं. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झालेली. तोऱ्यात म्हणाले, "टायमर करून देते. सगळ्यांना सारखी सात मिनिटं."

५५५ नावाची आठ पायांची आयसी असते. बटण दाबलं की दोन नंबरच्या पायाला इशारा जातो, मोटर सुरू होते आणि कपॅसिटर टाकीसारखा हळूहळू भरू लागतो. ठरलेल्या पातळीला आला की रिले मोटर बंद करतो. घरी टेबलावर दहा वेळा चालवून बघितलं होतं. झकास!

इथं पहिलाच घाणा सुमनकाकींचा, आणि डंक काही थांबेना. मेन स्विच मिरचीच्या पोत्यांमागे. मी पोत्यांवरून चढून तो पाडेपर्यंत रांगेत बोंब उठली होती.

"सुमनला दोनदा कुटून दिली!"

"मला न्हाय पायजे दोनदा! तापून काळी पडंल की चटणी!" सुमनकाकी.

आक्काताईंचा चेहरा पडला होता. मी टायमरचा बॉक्स उघडला आणि कपाळावर हात मारला. मोटर बंद होताना ठिणगी उडते; घरी टेबलावर मोटर नव्हतीच. दोन नंबरचा पाय मी मोकळाच सोडला होता, त्याला ती ठिणगीच बटण वाटली. एक रेझिस्टर जोडून तो पाय पॉझिटिव्हला बांधायचा असतो. मला हसू फुटलं, त्यात ठसका, मग शिंका. एका हातात सोल्डरिंग गन, दुसऱ्या हातात पदर!

"बाई, हसताय काय? माझी चटणी हाय ती!" सुमनकाकी कडाडल्या.

रेझिस्टर जोडला. काकींची उरलेली निम्मी मिरची उखळात पडली. सात मिनिटं झाली. डंक थांबला. तो थांबलेलाच राहिला, आणि रांगेनं टाळ्या पिटल्या!

काकींनी दोन्ही घाण्यांतली चिमूट जिभेवर ठेवली. डोळ्यांत पाणी आलं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. सुमनकाकींच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच. दुसऱ्या दिवशी त्यांनी आख्खी गल्ली आणली, पण आक्काताईंकडेच.

या एका रेझिस्टरसाठी मी वर्षानुवर्षं पोरांचे दोन-दोन मार्क कापत आले. बरोबरच कापले.