अर्ध्या टपातलं पाणी

मासोळीचं बी म्हणजे बोटाएवढी पिल्लं. दर पावसाळ्यात आम्ही नवराबायको ती वैनगंगेपलीकडून डोंग्यात घालून आणायचो न गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, सोडायचो. मी वल्हं मारायचो, ती पिल्लांजवळ बसायची.

एका टपात तिनं कधी आणू दिली नाही. पाणी भरायचे चार पितळी गुंड घ्यायची न चारही अर्धे भरायची. मी चिडायचो.

"वजन तं तेवढंच ना? मंग चार भांडे काऊन?"

"टपातलं पानी मोकाट ढोरावानी हाय जी. डोंगा वाकला का सारंच तिकडं धावते. गुंडातलं धावून धावून जाईन कुठी?"

"मोठी आली इंजिनेर!"

"आली तं आली. तुमी वल्हवा."

या उन्हाळ्यात ती तापानं गेली. लेक ब्रह्मपुरीला असते. म्हणाली, "बाबा, डोंगा सोडा न माह्याकडे या. एकट्यानं नाई जमत."

मी म्हटलं, "या सालचं बी आनून दाखवतो. नाई जमलं तं येतो."

गुंड फळीवर तिनं ठेवले तसेच पालथे होते. हात लावावासा वाटला नाही. बाजारातून मोठा टप आणला, पलीकडे जाऊन बी घेतलं न टप अर्धा भरला.

मधल्या धारेत डोंगा जरासा डावीकडे कलला. टपातलं पाणी डावीकडे धावलं, त्यानं डोंगा आणखी वाकला. मी उजवीकडे सरकलो, तर पाणी माझ्या आधी उजवीकडे. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा डोंग्याचा काठ नदीला टेकला. तेव्हा टप त्याच बाजूनं नदीत लोटला. पिल्लं गेली. डोंगा सरळ झाला.

रिकामा डोंगा काठाला लावला न घरची वाट धरली. ती असती तर घरापर्यंत बोलत आली असती, "सांगतलं होतं ना?" ते ऐकून जन्मभर कान किटले होते.

घरी येऊन गुंड काढले. चिंच लावून घासले. दुसऱ्या दिवशी पलीकडे जाऊन पुन्हा बी घेतलं, चारही अर्धे भरले न तिच्या जागी एकाला एक लावून ठेवले. मधल्या धारेत डोंगा कलला. पाणी गुंडातल्या गुंडात हललं, डोंगा आपोआप सरळ झाला. पिल्लं बोडीत सोडली.

सांजेला लेकीला फोन लावला. "बी आनलं."

"एकट्यानं आनलं, बाबा?"

"चार गुंडात आनलं."

तिला काही कळलं नाही. म्हणाली, "राहा मंग तिथीच. जेवले का?"

चूल सकाळपासून थंड होती.

"जेवलो," म्हटलं.