अक्काला म्हटलेलं सॉरी

मुलीच्या लग्नाची पत्रिका मी सकाळी चहा व्हायच्या आत, अंथरुणात लोळत, दीडशे जणांना मोबाईलवर पाठवून मोकळा झालो. त्या दीडशेत विंझरला दिलेली माझी थोरली बहीण अक्काही होती.

दुपारी तिचा फोन आला. "मिळाली बाबा पत्रिका. बोटानं मोठी करून वाचली." एवढंच बोलून तिनं ठेवून दिला.

आमच्यात नवरीला पहिली हळद आत्या लावते. अक्का आली नाही, तर हळदीच्या वाटीला हात कोण घालतंय, हे सगळी भावकी मान उंच करून बघणार. मी घाईघाईनं 'सॉरी' लिहिलं, पुढं जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. अक्कानं वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

तोवर या शब्दावर माझा फार भरवसा होता. भोरच्या एस्टीत कुणी पायावर बूट ठेवला की 'सॉरी' म्हणतो आणि बूट तिथंच ठेवतो. पानशेतच्या हॉटेलात पिठलं संपलं की पोऱ्या 'सॉरी' म्हणतो आणि दुप्पट दराचं पनीर सांगतो. चुकून लागलेला फोन, बंद पडलेलं मशीन, हरवलेली पावती, सगळ्यांना तोच शब्द. कुणाच्या पोराची तक्रार करायची असेल तरी आमचे शेजारी 'सॉरी बरं का' अशीच सुरुवात करतात आणि मग मनसोक्त तक्रार करतात. पूर्वी कुणाला पाय लागला तर वाकून हात लावून नमस्कार करावा लागे. आता कंबर वाचते. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला ही मोठीच सोय.

तर तेवढ्याच सोयीनं मी विंझरला निघालो. बायको म्हणाली, "मी येऊ का?"

"सॉरी म्हणायला दोन माणसं कशाला?" म्हणत मी नारळ आणि छापील पत्रिका पिशवीत टाकली आणि गाडीला किक मारली.

अक्का ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. पाण्याचा तांब्या दिला, चहा दिला, पण वर बघितलं नाही. मी म्हटलं, "अक्का, सॉरी."

"सॉरी एस्टीत म्हणत्यात," ती सुपाकडं बघत म्हणाली. "हितं काय धक्का लागला व्हय मला?"

शेजारी बसलेल्या दाजींना तेवढंच निमित्त मिळालं. "लग्नातलं जेवण बी मोबाईलवरच धाडा. भांडी घासायचा तरास न्हाई."

"चुकलं माझं, अक्का," मी म्हणालो.

"ते कळलं. वैनी कुठंय?"

"घरी."

"मग कुंकू कोण लावायचं मला? तू?"

आमच्यात आवतण जोडीनं द्यायचं असतं. बाईनं बाईला कुंकू लावायचं, पुरुषानं अक्षत ठेवायची, मग 'यायचं बरं का' म्हणायचं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी फक्त माझ्या वाटणीचं काम आटपायला गेलो होतो. अक्कानं नारळ परत माझ्या पिशवीत टाकला. "जोडीनं आण ह्यो."

दुसऱ्या दिवशी बायकोला मागं बसवून पुन्हा विंझर. तिची पिशवी जरा जडच वाटली, पण विचारायची माझी परिस्थिती नव्हती. तिनं अक्काला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. मग दोघींनी माझ्यासमोर मी तिथं नसल्यासारखं माझ्याविषयी बराच वेळ वाईट बोलून घेतलं. मी अक्षत ठेवली, 'यायचं बरं का' म्हणालो. सॉरी तोंडात तयार होतं. कुणी मागितलं नाही.

"हळद किती वाजता हाय?" अक्कानं विचारलं. मला तेवढं पुरे होतं.

रस्त्याला लागल्यावर मी खुशीत घरी, भोरकडं गाडी वळवायला लागलो, तशी बायकोनं मागून खांद्यावर बोट टोचलं.

"माझ्या भावालाबी तशीच धाडलीय ना पत्रिका? मग भोरला काय करताय आता? पाबे घाटानं पानशेतला घ्या. दुसरा नारळ आणलाय मी."