बाळाच्या केसाची गाठ

प्रयोगशाळेत तिला सगळे चिवटताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. वाटून घ्यायला फुरसत कुठे होती?

बेडकाचं अंडं फलित झालं की धडाधड विभागत सुटतं. एकाचे दोन, दोनाचे चार, सगळ्या पेशी एका ठेक्यात. मग अचानक ठेका मंदावतो. ही वेळ ठरवतं कोण? चिवटताईचं म्हणणं, पेशी घड्याळ बघत नाहीत, घरातली गर्दी बघतात. केंद्रकं वाढत जातात, अंड्यातला ऐवज मात्र तेवढाच. तो पुरेनासा झाला की वेग उतरतो. म्हणजे अंडं मधोमध आवळून केंद्रकाला अर्ध्याच ऐवजात कोंडलं, तर ठेका एक फेरी आधीच मंदावायला हवा.

बोलायला काय जातंय! आवळलं की अंडं फुटायचं. रेशीम झालं, नायलॉन झालं, स्वतःचे केसही झाले.

"अगं बाई, हा केस आहे की काथ्या?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

विभागप्रमुखांनी बजावलं, "उद्याची अंडी हंगामातली शेवटची. नाही जमलं, तर विषय कायमचा बंद."

पाच वर्षं अशी पाण्यात? छे! ती घरी गेली ती थेट वहिनीसमोर.

"वहिनी, बाळाचे चार केस दे ना."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" म्हणत वहिनीने कात्री घेतली. बाळ गाढ झोपलं होतं.

आई कडाडली, "लग्नाचं काढलं की मूग गिळून बसतेस! वेळ निघून चाललीय तुझी, कळतंय का?"

दुसऱ्या दिवशी तीन केस तुटले. चौथा हलक्या हाताने आवळला आणि अंडं टिकलं. केंद्रक कोंडलेला अर्धा भाग एक फेरी आधी मंदावला. शेजारचं मोकळं अंडं अजून धावतच होतं. तिला रडू आवरेना.

प्रमुख बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून होते. "एका अंड्यावर कोण विश्वास ठेवणार? पुढच्या हंगामात पन्नास बांधा."

विषय चालू राहिला! पण तोवर बाळाचे केस राठ झाले तर? तिने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, वहिनीला सांग, बाळाचे आणखी केस काप. आत्ताच."

"टक्कल करतेस का पोराचं? एवढी कसली घाई?"

"वेळ निघून चाललीय, आई!"

पलीकडून खण उघडून कात्री शोधत असल्याचा आवाज आला.