आहेरात गेलेले फोटो

मेलिस डोंगरातल्या आमच्या कोचकोर गावाचा फोटोग्राफर. गावात कुठल्याही घरात शिरा, भिंतीवर त्याने टिपलेलं माणूस आहेच. माझ्याही भिंतीवर आहे, माझा नवरा, टोपी तिरकी घातलेला. मी मेलिसला सातवीत भौतिकशास्त्र शिकवलं. भिंगाचा एक धडा सोडला तर त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. त्या एका धड्यावर त्याने आयुष्य काढलं, तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही.

तालुक्याच्या वर्तमानपत्रात तो वीस वर्षं होता. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा बटाटे लावले, मेंढ्या राखल्या, आणि एक घोडी विकून नवा कॅमेरा घेतला. बायकोने महिनाभर अबोला धरला. आता ती नाही. दर जूनमध्ये मेंढपाळांबरोबर तो वर सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर जायचा आणि थंडी पडेपर्यंत राहायचा. आधी चार दिवस कॅमेरा बाहेर काढायचा नाही. त्यांच्या घोड्या बांधायचा, शेणी गोळा करायचा, कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायचा. आणि ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात पुढच्या वर्षी छापील प्रत दिल्याशिवाय तो फोटो पुरा झाला असं त्याला वाटायचंच नाही. बरोबर असायची त्याची एकुलती एक पोर, चिनारा. पाच वर्षांची असल्यापासून.

मी त्याला शंभर वेळा सांगितलं, फोटोच्या कोपऱ्यात नाव टाक. सगळे टाकतात. तो मला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणतो; उत्तर ठरलेलं.

"लोकांच्या चेहऱ्यावर माझं नाव कशाला गोंदू, एजे?"

"चेहऱ्यावर नको रे, कोपऱ्यात. आभाळात टाक. आभाळ कोणाच्या बापाचं नाही."

हसला आणि विसरला.

चार वर्षांपूर्वी चिनाराचं लग्न झालं, राजधानीत. सासरा तुरातबेक, परदेशी पाहुण्यांना डोंगर दाखवायची कंपनी चालवतो. गोड माणूस. इतका गोड की मला तेव्हाच शंका आली होती. व्याही पहिल्यांदा घरी आले की त्यांना आहेर द्यायचा, हे काही मी नव्याने सांगायला नको. मेलिसने मखमली अंगरखा शिवून घेतला होता, मोठी पांढरी टोपी आणली होती. तुरातबेक मानाच्या जागी बसला, भिंतीवरचे फोटो पाहिले आणि अंगरख्याकडे पाहिलंही नाही.

"कुदा," व्याह्याला म्हणतात तसं तो म्हणाला, "अंगरखे माझ्याकडे सात आहेत. मला आहेर करायचाच तर हे द्या. तुमची चित्रं. घरी बसून बघत राहीन."

पहिल्या भेटीत व्याह्याने तोंडाने मागितलेली वस्तू नाही कशी म्हणणार? मेलिसचे तर डोळेच भरून आले. आजवर कोणी अंगरख्याऐवजी त्याचे फोटो मागितले नव्हते. आत गेला, सहाशे फोटो असलेली डिस्क आणली, पूर्ण आकाराचे, एकावरही खूण नाही. पांढऱ्या टोपीत ठेवून दोन्ही हातांनी दिली. माझ्या तोंडात त्या वेळी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज कोंबलेलं होतं, व्याह्यांच्या जेवणात कोंबतातच, नाहीतर मी तिथेच बोलले असते.

या मार्चमध्ये राजधानीतल्या एका प्रकाशनाने मेलिसच्या फोटोंचं पुस्तक काढायचं ठरवलं. ऐंशी फोटो. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा नवे बूट घेऊन आला. तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. ते घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा बूट तेच होते, चेहरा तो नव्हता.

पत्रात लिहिलं होतं की हे फोटो एका परदेशी वेबसाइटवर तुरातबेक असानोव यांच्या नावाने विकायला आहेत. मूळ फोटोग्राफरची लेखी परवानगी महिनाभरात आणा, नाहीतर पुस्तक रद्द.

"म्हणजे मी माझीच परवानगी आणू?" मेलिसने विचारलं.

"नाही. तू चोर आहेस असं ते म्हणतायत. सभ्य भाषेत."

मी लॅपटॉप उघडला. होते सगळे. सहाशेच्या सहाशे. सोन-कुलचं धुकं, बर्फात अडकलेली उंटीण, माझा नवरासुद्धा, तिरक्या टोपीसकट! खाली 'पारंपरिक वृद्ध' असं लिहिलेलं. तो कोचकोरचा हिशेब तपासनीस होता, पारंपरिक कसला. मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की चष्मा काढून ठेवावा लागला.

मेलिस मात्र एकाच फोटोवर अडला होता. त्यावर एक बाई घोडीचं दूध काढतेय आणि घोडी मान वळवून तिच्याकडे बघतेय. खालची इंग्रजी ओळ मी वाचून दाखवली: 'चोलोक घोडी, शिंगरू मेल्यानंतरचं पहिलं दूध.'

"पुन्हा वाचा."

वाचलं.

"त्या घोडीचं नाव तुरातबेकला कोण सांगणार, एजे? शिंगरू मेलं तेव्हा तिथे आम्ही तिघंच होतो. ती बाई, मी..."

तिसरी चिनारा. ती बाई वारून आठ वर्षं झाली होती. मी पुढचे फोटो उघडत गेले. प्रत्येकाखाली बारीकसारीक, खरी माहिती. सहाशे ओळी. इतक्या ओळी कोणी एका बैठकीत लिहीत नाही. महिने लागतात.

त्याने माझ्यासमोरच चिनाराला फोन लावला, स्पीकरवर.

"ओळी तू लिहिल्यास?"

"आके, आधी तब्येत तरी विचारा."

"लिहिल्यास?"

"लिहिल्या. सासऱ्यांनी सांगितलं, लिहिल्या. तुम्हीच दिलेत ना फोटो? आहेर दिलेला परत मागतात का कुठे?"

"आणि माझं नाव?"

"नाव कुठे होतं, आके? तुम्ही घातलं होतं कुठे? मला या घरात राहायचंय, मूल वाढवायचंय."

मग फोन तुरातबेकने घेतला. "कुदा! कसे आहात? गुरंढोरं सुखरूप? पाऊसपाणी?"

"फोटोंवर तुमचं नाव आहे, कुदा."

"अहो, व्यवहारात कोणाचं तरी नाव टाकावं लागतं. तुमचं काय, माझं काय, आपण एकच. आणि डोंगर काय तुम्ही बनवलेत?"

मी फोन ओढून घेतला. "तुरातबेक, मी बुरुलकान. त्या दिवशी अंगरखा घेतला असतात तर अंगात घालून मिरवला असतात. मीच शिवला असं सांगत फिरला असतात का?"

"एजे! तुम्ही अजून आहात?"

"आहे. तुमचं सगळं निस्तरेपर्यंत राहीन म्हणते."

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, एक कागद पाठवतो. सगळे हक्क राजीखुशीने दिले, एवढंच. मेलिसने सही करावी, पुस्तकाला परवानगी लगेच मिळेल, आत कुठेतरी मेलिसचं नावही येईल. "नाहीतर सुनेला इथे अवघड जाईल. घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी."

कागद आला. मेलिसने तीन दिवस तो खिशात घालून हिंडवला. मी विचारलं नाही. मला न विचारणं जमत नाही, पण त्या तीन दिवसांत जमलं. चौथ्या दिवशी सकाळी तो जुन्या डिस्कांचा एक खोका घेऊन आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वेबसाइटला लिहा."

फोटो माझाच, हे सिद्ध करायचं कसं? मेलिस एका फोटोसाठी वीस वेळा कळ दाबतो. व्याह्याला दिला तो त्यातला एक. आधीचे आणि नंतरचे मेलिसकडेच. घोडी मान वळवून बघते तेवढा एकच क्षण चोराकडे आहे; ती मान कधी वळली आणि पुन्हा कधी खाली गेली, हे याच्या खोक्यात. यापेक्षा चांगला पुरावा नाही. मी खूश होऊन चोलोकच्या डिस्कवरचे फोटो उघडले.

नंतरच्या फोटोत नऊ वर्षांची चिनारा होती. डोळे रडून सुजलेले, घोडीच्या मानेला मिठी मारून उभी.

दुसरा पाहिला, धुक्याचा. चौकटीच्या कडेला चिनाराची लाल टोपी. उंटिणीच्या फोटोत तिचा हात. ती सतत बरोबर असायची, मग कुठे नसणार? म्हणजे सासऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून तीच पुढे जाणार.

"ती नसलेला एखादा शोध," मी म्हटलं.

दुपारपर्यंत शोधत होता. माझा चहा तीनदा गार झाला. शेवटी तेच फोटो पुढे सरकवले. "हेच पाठवा. ती तिथे होती हे खरंच आहे."

अर्जात शेवटी एक प्रश्न होता: हे फोटो तुम्ही स्वतः कधी कोणाला दिले होते का? मी 'नाही' लिहायला निघाले. सरळ भानगड मिटते.

"हो लिहा, एजे."

"मूर्खा, अडकशील."

"दिले होते. बघायला दिले होते. तसंच लिहा."

तसंच लिहिलं. बारा दिवसांनी वेबसाइटवरून सहाशेही फोटो उतरले. प्रकाशनाने माफी मागितली, पुस्तक छापायला गेलं, मुखपृष्ठावर मेलिसचं नाव मोठ्या अक्षरात. मी गल्ली ओलांडून त्याच्याकडे सांगायला गेले तर तो पायरीवर बसला होता, फोन हातात.

नातू चालायला लागला होता. पहिली पावलं टाकणाऱ्या पोराच्या पायांना दोरी बांधून ती मानाच्या माणसाने कापायची, तो समारंभ आदल्या दिवशी झाला होता, राजधानीत, थाटात. मेलिसला बोलावणं नव्हतं. कोणा तिऱ्हाईताने फोनवर फोटो पाठवले होते, चिनाराने नव्हे. दोरी तुरातबेक कापत होता.

"रड तरी," मी म्हटलं.

त्याने फोन माझ्यापुढे धरला. "उन्हाकडे पाठ करून उभं केलंय, एजे," तो म्हणाला. "पोराचा चेहराच दिसत नाही."