स्टिअरिंग सोडून केलेला नमस्कार

देवावर मी अशी आयुष्यात एकदाच रागावले. मोटारीच्या लायसन्सच्या परीक्षेत त्यानेच मला नापास केलं, असं तेव्हा माझं स्पष्ट मत होतं. परीक्षेच्या मैदानाच्या कडेला मारुतीचं एवढंसं देऊळ आहे. गाडी त्याच्यासमोर आली आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठून छातीशी जुळले. शेजारी बसलेल्या साहेबांनीही त्याच क्षणी हात जोडले होते, पण त्यांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं. गाडी सरळ कडेच्या झेंडूच्या वाफ्यात गेली. साहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मावशी, देवाला तुमी एकट्यानंच भेटायला जा, आमाला नगा नेऊ."

या वयात मी गाडी शिकायला का निघाले, ते सांगायला हवं. आमचे हे एसटीचे चालक होते. कोरेगावहून म्हसवडपर्यंतचा रस्ता त्यांना घरातल्या माजघरासारखा पाठ. निवृत्तीनंतर हौसेने एक जुनी मोटार घेतली आणि वर्षभरातच साखरेने त्यांची नजर खाल्ली. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. तेव्हापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडणं सोडलं. दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हटलं की अंगावर यायचे. म्हसवडचा सिद्धनाथ आमचं कुलदैवत. दर वर्षी न चुकता जाणारा हा माणूस आता म्हणायचा, "दिसत न्हाई तर जाऊन काय करू? देवाला वास घेऊन वळखू?" आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. मोटार अंगणात ताडपत्रीखाली उभी. शेजारणीची कोंबडी तिच्या टपावर अंडी घालायला लागली, त्या दिवशी मला रडू कोसळलं. मी मनाशी ठरवलं, यांना नाथाच्या पायावर घालायचं, आणि ते याच गाडीतून, मी चालवून.

शिकवायला रफीकभाई होते. त्यांचं गाडी शिकवायचं छोटं दुकान बाजारपेठेत आहे, आणि ह्यांच्यावर त्यांची गुरूसारखी श्रद्धा. त्यांच्याच गाडीवर मला क्लच आला, गिअर आले, रिव्हर्ससुद्धा आला. आले नाहीत ते हात. आमच्या भागात मैलामैलाला देव. लहानपणी माहेरी कुंडलला आईने बैलगाडीत मांडीवर बसवून लावलेली सवय, देऊळ दिसलं की हात जोडायचे. ती सवय माझ्या डोक्याला विचारतच नव्हती. रफीकभाई ओरडायचे, "वयनी, हात! आवं हात!" एकदा तर गाडी थांबवून त्यांनी मला समजावलं. "पीरासाहेबापुढनं जाताना मीबी सलाम करतो, पर मनातल्या मनात, ब्रेकवर पाय ठिवून. देव जागचा हलत न्हाई वयनी, समोरचा ट्रॅक्टर हलतोय."

मुलगा पुण्याला असतो. त्याला कळल्यावर त्याने मनाला चांगल्या सवयी लावण्याचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. ध्येय ठरवा, रोज पहाटे डोळे मिटा आणि ते पूर्ण झालेलं बघा. मी बसले डोळे मिटून. मी गाडी चालवते आहे, वारा लागतो आहे, हे शेजारी हसताहेत, सगळं छान. तेवढ्यात त्या मनातल्या रस्त्यावरही मारुती आला, मी मनातल्या मनात हात जोडले आणि मनातली गाडी मनातल्या उसात गेली. दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं की सवय मोडायची नसते, तिच्या जागी दुसरी बसवायची. म्हणून मी हात जोडण्याऐवजी हॉर्न वाजवायला लागले. चार दिवसांत आमच्या आळीतल्या मारुतीचा पुजारी दोनदा बाहेर येऊन बघून गेला, आणि तिसऱ्यांदा आमच्या घरी आला.

पुढच्या परीक्षेत मी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं की साहेबांना "संपली परीक्षा, सोडा आता" असं सांगावं लागलं. पास झाले, पेढे वाटले, पण मनातून अपराधी होते. देवळासमोरून जायचं आणि नमस्कार करायचा नाही, म्हणजे भर रस्त्यात सासऱ्यांना ओळख न दाखवता पुढे जाण्यासारखं. रोज रात्री देवघरासमोर मी दिवसभराच्या राहिलेल्या नमस्कारांची एकदम माफी मागायची. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ते गाडीत बसायला तयार नव्हते. शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हटलं, "मी एकटीच जाते म्हसवडला. वर्धनगडाच्या घाटात काही झालं तर झालं." हे गुमान उठले आणि काठी घेऊन गाडीत बसले.

घाट चढेपर्यंत मी शहाण्यासारखी होते. हे डोळे मिटून नुसते इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि मधूनच "दुसरा टाक" म्हणत होते. आणि ऐन चढावर, वळणाशी, शेंदूर लावलेली एक घुमटी आली. इतक्या दिवसांचे पहाटेचे सगळे व्हिडिओ त्या क्षणी वाहून गेले. हात जुळले. गाडीने आचका दिला, बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मी ब्रेकवर उभीच राहिले. ह्यांनी चाचपडून हँडब्रेक ओढला, पण गाडी इतके महिने उभी असल्याने तो नुसताच वर आला. मागे एक टेम्पो येऊन हॉर्नवर हॉर्न मारत होता. ब्रेकवरचा पाय काढायची सोय नव्हती. मला मरणाची भीती वाटली नाही. आता हे पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत, याची वाटली. मी मोठ्याने ओरडले, "नाथबाबा, मला आता हात जोडता येत न्हाईत, समजून घे!"

तेवढ्यात वरच्या वळणावरून मेंढरं आली. एक, दोन म्हणता म्हणता सगळा रस्ता भरला. गाडीच्या दोन्ही बाजूंनी लोकरीचा लोंढा खाली वाहायला लागला आणि मागच्या टेम्पोचा हॉर्न आपोआप बंद झाला. त्यांच्यामधून डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आली. तिने आमच्याकडे एकदा बघितलं, कडेचा चांगला मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला, मागच्या चाकाला लावला आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "सोड पाय. न्हाई जात आता मागं. सावकाश चालू कर, मेंढरं जाईस्तवर हितं कुणीबी हालत न्हाई."

पाय सोडला. गाडी जागची हलली नाही. मेंढरं संपेपर्यंत मी नुसता श्वास घेत बसले. कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणाला घाई नाही, अशी शांतता मला पहाटे डोळे मिटून कधी मिळाली नव्हती. मग क्लच अर्धा सोडला, गाडी गुरगुरली आणि सुरळीत वर गेली. सपाटीला गाडी लावून मी धावत मागे आले आणि त्या बाईचे हात धरले. म्हटलं, "नाथबाबानंच धाडलं तुम्हाला." ती म्हणाली, "मला? मला सासूनं धाडलंय. सकाळधरनं शिव्या खातीया." मी वाकून दगडाला हात लावायला गेले तर तिने तो पायाने कडेला ढकलला. "आगं बाई, त्यो दगड हाय. देव म्हसवडात हाय." आणि मेंढरांमागे निघून गेली.

गाडीत येऊन बसले तेव्हा हे म्हणाले, "हात सोडलंस न्हवं?" मी कबूल केलं, दगडाचंही सांगितलं आणि बोलणी खायची तयारी केली. काहीच आलं नाही, तेव्हा मीच विचारलं, "आवं, तुमी एवढी वर्षं याच रस्त्यानं गेला. देवळं आली की काय करायचा?" त्यांनी काठीची मूठ चाचपली. मग म्हणाले, "मी कशाला काय करतोय? मागं गाडीभर माणसं हात जोडायची. एकानं गाडी धरायची, बाकीच्यांनी हात. माझं हात गुतल्यालं हुतं, ते देवाला दिसत हुतंच की." मग त्यांनी काठी पायाशी ठेवली. "आता माझं मोकळं झाल्यात. देऊळ आलं की सांग, मी जोडतो. दोघांचंबी."

पुढचा सगळा रस्ता आम्ही तसेच गेलो. पुसेगाव आलं, मी म्हटलं, "आलं," ह्यांनी हात जोडले. गोंदवलं आलं, पुन्हा जोडले. मधे उत्साहाच्या भरात एका मंगल कार्यालयाच्या कळसालाही त्यांचा नमस्कार गेला, ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. म्हसवडला गाभाऱ्यासमोर त्यांनी विचारलं, "कसा दिसतोय?" मी डोळे भरून बघितलं आणि जे दिसलं ते सांगत गेले, मुखवटा, हार, गुलाल, समईचा उजेड. ते मान हलवत होते. तिथे माझे हात मोकळे होते, तरी मी ते लगेच जोडले नाहीत, कारण ह्यांनी माझं मनगट धरलं होतं.

मनाला सवय लावावी म्हणतात, ते खरंच असेल. माझ्या मनाला मात्र एवढंच कळलं की सगळं आपल्याच हातांनी करायचा हट्ट सोडला की बरंच काही होतं. आता अमावस्येला आम्ही जातो. हे आदल्या दिवशीच टायरमधली हवा तपासून घ्यायला सांगतात, आणि कोंबडीने दुसरी जागा शोधली आहे.

त्या पहिल्या दिवशी परतताना वर्धनगडाचा घाट उतरत होतो. शेंदराची घुमटी आली, मी म्हटलं, "आलं," ह्यांनी जोडले. थोडं पुढे गेल्यावर मी न सांगताच त्यांनी पुन्हा हात जोडले. मी म्हटलं, "आवं, देऊळ मागं गेलं. हितं काय न्हाई."

"ठावं हाय," ते म्हणाले. "हितं त्यो दगड हाय."

डोळे भरून आले होते, पण उतार होता, आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.