राखेतला नारळ

ते प्रकरण अजूनही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी कुठे जळक्या कागदाचा वास आला की मी अस्वस्थ होतो आणि दुसरबीडच्या अलीकडचं ते पत्र्याचं गोदाम डोळ्यांसमोर येतं.

गोदामाचा मालक आमच्या भागातला मोठा माणूस. त्याच गोदामात त्याने तरुणपणी डाळमिल सुरू केली होती. मग धान्य निवडायचं एक यंत्र बाजारात आणलं, ते दूरदूरच्या गावांत खपलं. पुढे यंत्रांचा कारखाना चांगल्या वेळी विकून दुसऱ्यांच्या धंद्यांत पैसा घालायला लागला. कुणाची डेअरी, कुणाचं शीतगृह. ज्यात हात घातला त्यात त्याला यश आलं. शेवटी त्याने स्वतःच्या वाटचालीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या कार्डावर नावाखाली ‘उद्योजक, गुंतवणूकदार, लेखक’ असं होतं. पुस्तक छापून यायच्या आधीच त्याने लेखक छापून घेतला होता! गाव त्याला शेठ म्हणायचं. आता मात्र कुणी ‘सर’ म्हटलं की स्वारी खूश.

साखरखेर्ड्याला पुस्तकाचं प्रकाशन ठरलं होतं. आदल्या दिवशी सकाळी पुस्तकांचे गठ्ठे गोदामात येऊन पडले आणि दुपारी हमाल जेवायला गेले असताना गोदाम पेटलं. आतली एकही प्रत आगीतून वाचली नाही.

शेठ स्वतः फिर्याद द्यायला ठाण्यात आले. कपड्यांची घडी मोडलेली नव्हती. “आग लागली नाही, लावली गेली आहे,” म्हणाले आणि एका मुलीचं नाव घेतलं. मी गुन्हा अज्ञात व्यक्तीवर नोंदवला, पण फिर्यादीत संशय म्हणून तिचं नाव आलंच.

त्याच संध्याकाळी फाट्यावरच्या पानठेल्यावाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. “साहेब, थे पोरगी हाटेलात सगळ्याइच्या देखत बोलली. म्हने, असं पुस्तक जाळाले पाह्यजे.”

मला ते नाव ओळखीचं होतं. तिची फाइल माझ्याच टेबलावर होती. पोलीस भरतीत तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल मला पाठवायचा होता. त्यात ‘जाळपोळीच्या गुन्ह्यात संशयित’ एवढं लिहिलं असतं, तर पोरीची वर्दी अंगावर चढण्याआधीच उतरली असती.

महिला अंमलदाराला बसवून मी तिचा जबाब घेतला. काटक पोरगी, पायात धावायचे बूट. खुर्चीच्या कडेला बसली होती.

“बोललीस का तू असं?”

“हाव, बोलली. खोटं काऊन सांगू?”

“का बोललीस?”

गठ्ठे यायच्या काही दिवस आधी थोड्या प्रती ओळखीच्यांकडे गेल्या होत्या, त्यातली एक तिच्या घरी आली होती. तिचा बाप वेल्डिंगचं दुकान चालवायचा. शेठचं ते पहिलं यंत्र दोघांनी मिळून त्याच दुकानात बनवलं होतं. पुढे बाप आजारपणात गेला. पुस्तकात त्या यंत्रावर एक अख्खं प्रकरण होतं आणि बाप एकाच वाक्यात होता, तोही ‘गावातल्या एका वेल्डरकडून जोडून घेतलं’ असा.

“माह्या बापाले नाव होतं, साहेब,” ती म्हणाली. आतापर्यंत ताठ असलेला आवाज तिथे फाटला. “एक वेल्डर म्हने. राग आला मले, बोलून गेली. पन आग नाही लावली म्या.”

आग लागली तेव्हा कुठे होती, तर रानातल्या रस्त्यावर एकटीच धावत होती. भर दुपारी कोण बघणार तिला? साक्षीदार शून्य.

खरं सांगतो, मला ती खोटी वाटली नाही. पण वाटण्यावर तपास चालत नाही. इकडे पेपरात छापून आलं, ‘सत्य न सोसल्याने पुस्तक जाळलं’. शेठ मुलाखती देत सुटले. नवी आवृत्ती येणार, वर ‘जाळलं गेलेलं पुस्तक’ अशी पट्टी असणार, हेही जाहीर झालं. वरून अटकेसाठी विचारणा, आणि पडताळणीचा अहवाल कुठे अडला म्हणून वेगळी विचारणा. माझं जेवणात लक्ष लागेना. ठाण्याच्या व्हरांड्यात मी नुसत्या येरझाऱ्या घालायचो आणि ठाणे अंमलदार माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचा.

अशात ठाण्याला नवी जीप मिळाली. मला गोदामाची जागा पुन्हा बघायची होती म्हणून मी थेट जीपमध्ये चढायला गेलो, तर हवालदाराने हात आडवा केला.

“थांबा साहेब! नारळ फोडल्याबिगर कसे बसता?”

मी वैतागलो. त्याने शांतपणे हळद-कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, चाकापुढे नारळ फोडला आणि दोन्ही भकलं बॉनेटवर ठेवली. ती भकलं बघून माझा पाय जागीच थबकला. गोदामाच्या राखेत मी अशीच दोन काळी भकलं पाहिली होती. जुन्या मालातला असेल एखादा नारळ, असं हमाल म्हणाला होता आणि पंचांसह आम्ही सगळे पुढे सरकलो होतो. पण जुन्या मालातला नारळ असा बरोबर मधोमध फुटत नाही. तो फोडावा लागतो. आणि शेठ तर जबाबात म्हणाले होते, गठ्ठे आल्यावर गोदाम कुणी उघडलंच नाही.

मी तडक गोदामावर गेलो. शटरखालच्या फटीतून आत वारा येत होता. भकलांच्या शेजारची राख पंचांसमक्ष उकरली तेव्हा मातीच्या पणतीचे तुकडे मिळाले. जमीन तिथेच सगळ्यात जास्त भाजली होती. शेठच्या घरी नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्यांच्या प्रत्येक यंत्राच्या फोटोत बायको हातात ताट घेऊन उभी असायची.

मग महिला अंमलदाराला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. शेठ भाषणाला बाहेर होते. बाईंनी चहा ठेवला. मी एवढंच म्हणालो, “ताई, त्या पोरीची पोलिसात निवड झाली आहे. या गुन्ह्यात नाव गेलं तर नोकरी गेली, कायमची.”

बाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“नोकरीचं मले कोनी सांगतलं नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “पोरगी लहानपनी माह्या घरी जेवलेली हाये. दिवा म्याच लावला होता. हमाल जेवाले गेले तवा पुस्तकाची पूजा केली, नारळ फोडला आन् घरी आली.”

“दिवा विझवला नाही?”

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. “देवापुढचा दिवा कोनी फुकून इझवते का, साहेब? तेल संपलं का शांत होते थो आपोआप.”

“शेठना माहीत आहे?”

“त्याच दिवशी, थे ठान्यात यायच्या आधीच सांगतलं. तर म्हने, तू गप राय, मी पाहतो काय करायचं ते.”

शेठना ठाण्यात बोलावलं. आधी व्याख्यानाच्या भाषेत बोलले. बायकोचा जबाब समोर ठेवला तेव्हा भाषा गळून पडली. “जळालं थे तर जळालंच होतं न साहेब! त्यातून काही चांगलं होऊन राह्यलं होतं, थे करत होतो. पोरीले नंतर मीच कुठं नोकरीले लावून देल्लं असतं.”

आयुष्यात मी फार कमी वेळा फिर्यादीवर ओरडलो, त्यातली ही एक वेळ. नुकसानीतही नफा शोधायची त्या माणसाला इतकी सवय झाली होती, की त्या पोरीचं आयुष्यही त्याने भांडवलात धरलं. आग अपघाती असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि खोटी माहिती दिल्याबद्दल शेठवरच कारवाईचा प्रस्ताव केला. पडताळणीच्या अहवालावर ‘प्रतिकूल काही नाही’ असं लिहून सही केली, आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

नोकरीने मला चोर बरेच दाखवले. या प्रकरणाने शिकवलं ते वेगळंच. माणूस गुन्हा न करताही दुसऱ्याला उद्ध्वस्त करू शकतो, फक्त माहीत असलेलं पोटात ठेवून. तेव्हापासून आरोपीइतकंच फिर्यादीकडेही निरखून बघायची सवय लागली.

माझ्या नोकरीतला शेवटचा दसरा. ठाण्यात शस्त्रपूजा झाली. मांडलेल्या बंदुकांपुढे समई तेवत होती आणि सगळे पेढे घेऊन पांगले. प्रशिक्षण संपवून ती मुलगी आमच्याच ठाण्यात हजर झाली होती. ती तिथेच उभी राहिली.

“चल, फराळाला सगळे थांबलेत,” मी म्हणालो.

“तुम्ही व्हा पुढं, सर,” ती म्हणाली. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं आणि त्याला लागून बापाचंही, पूर्ण. “दिवा शांत झाल्याबिगर मी हालत नाही.”